पहिलं बोंड

चैत्र लागला की मी उजव्या अंगठ्याचं नख कापायचं सोडून देते. कापसाच्या संकराला ते लागतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर चिमटीत धरायची, बुडाशी नख रुतवायचं आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांचा झुबका एका वळशात सोलून काढायचा. मधला स्त्रीकेसर तेवढा उघडा उभा राहतो. त्याला कागदी नळीची टोपी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या झाडाशी सोयरीक ठरवली आहे त्याचा पराग आणून त्याला लावायचा. 'म्हणजे तू जन्मभर लग्नंच लावत बसलीस की,' असं ओळखीचे लोक म्हणतात, हसतात, आणि हसता हसता एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागतात. कारण माझं लग्न झालेलं नाही. मला त्यांच्या त्या पंख्याकडे बघण्याचीच जास्त गंमत वाटते.

यंदा नख वाढलं तसं ऊनही वाढलं. सध्या आमचा प्लॉट शहापूर तालुक्यात आहे, भातसानगरच्या अलीकडे. दुपारी वारा पडतो, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि मातीतून एक भाजका वास वर येतो. धरणाचं पाणी इथून मुंबईला जातं आणि वरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या हंड्यांची रांग लागते. या उन्हाला सगळे शिव्या घालतात. मी एकटीच त्याची वाट बघते. कारण उन्हात आणि रोगात टिकेल असा कापूस शोधणं हे माझं काम, आणि ऊनच पडलं नाही तर कोण टिकलं आणि कोण नाही हे कळणार कसं? पण ऊन आलं की त्याच्या मागोमाग मुरबाडचा तो उन्हाळाही येतो, आणि मग मी दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही.

भाताच्या मुलखात कापूस लावायला मी गेले होते. धसईच्या बाजारात भाजी घेता घेता म्हटलं, 'कापसाच्या कामाला बाया मिळतील का?' तर भाजीवाली म्हणाली, "गादी भरायची हाय का?" तिचं बरोबरच होतं. त्या भागात कापूस म्हणजे गादीतला, नाहीतर वातीचा. शेतात भात, त्यामागे वाल, आणि पाणी असेल तिथे उन्हाळी भेंडी. पण आम्हाला नेमकी अशीच जागा हवी होती. आसपास कापूस असला की मधमाश्या नको त्या झाडाचा पराग आणून टाकतात आणि वर्षाची मेहनत पाण्यात जाते. शिवाय इथे ऊन कडक, हवा दमट, आणि शेजारच्या भेंडीवरचे तुडतुडे फुकट येऊन कापसाची परीक्षा घेतात. आमच्या शास्त्रात अशा लांबपणाला विलगीकरण म्हणतात. 'चहूकडे कुठेही कापूस नाही, उत्तम विलगीकरण आहे,' असं आमचे साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले होते. त्यांनी कापसाचं बघितलं, माझं माझ्यावर सोडलं.

आई त्याच पौषात गेली होती. वडील त्याआधी. भाऊ आहे, पुण्याला असतो. दिवाळीला तो फोन करतो, संक्रांतीला मी करते, दोघंही नियमाने वागतो. आई मात्र रोज संध्याकाळी फोन करायची आणि 'जेवलीस का?' विचारायची. दिवेलागणीला कुणी जेवतं का, असं म्हणून मी रोज चिडायचे. मुरबाडच्या त्या उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की मी पिशवीतून फोन काढायचे, बघायचे आणि परत ठेवायचे. ती सवय सुटायला मे महिना उजाडला. माझी खोली शेताच्या कडेला होती, पत्र्याची. मालक कल्याणला राहायचे. समोर सिद्धगडाचा डोंगर, मागे मोहाची झाडं, आणि सकाळी मोहाच्या फुलांचा तो जड, गोड वास. त्या वासात एकटं जागं होण्यासारखी वाईट गोष्ट नाही. एवढी गोडी कुणाला दाखवायची, असं वाटायचं.

कामाला ठाकरवाडीतल्या दोन-तीन बाया यायच्या. त्यातली सोमीबाई वयाने मोठी, अंगाने काटकुळी, आणि तोंडाने अशी की तिच्यापुढे माझीही बोलती बंद व्हावी. तिचा मुलगा पांडू आणि सून जनी दिवाळी झाली की पडघ्याकडे वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. तोपर्यंत सोमीबाई घरात एकटी. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "म्याडम, तुमचे कोन कोन हायेत घरी?" मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, "माजे हायेत. पन आता नाय." त्यानंतर तिने मला कधी म्याडम म्हटलं नाही. बाय म्हणायची, आणि 'तुमी'वरून 'तू'वर आली.

कळ्या बांधायचं काम मी तिला शिकवलं तो दिवस आठवतो. चांगल्या झाडाचं बी शुद्ध ठेवायचं असेल तर त्याच्या कळीचं तोंड उमलायच्या आदल्या दिवशी दोऱ्याने बांधून टाकतात. माशी आत शिरत नाही. फूल आतल्या आत उमलायला बघतं, आपला पराग आपल्यालाच लावून घेतं, आणि त्याचंच बोंड होतं. सोमीबाईने लाल दोरा बोटाला गुंडाळून घेतला आणि पहिल्याच कळीशी थांबली.

"तोंड कशाला बांधतेस गो तिचं?"

"दुसऱ्या कुणाचं काही आत जायला नको म्हणून."

"मंग ती एकलीच?"

"एकटीच."

"आनि फळ धरल?"

"धरेल की."

सोमीबाईने कळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की बाकीच्या बाया वाफ्यातून उठून बघायला आल्या. तिने त्यांना काय सांगितलं ते मला त्यांच्या घरच्या बोलीत नीटसं कळलं नाही, पण सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या एवढं कळलं. मीही हसले. एरवी मला असल्या थट्टेचा राग येतो. त्या दिवशी बरं वाटलं. कुणीतरी मला चिडवावं इतकी मी जवळची झाले होते, हे त्यात होतंच ना.

पण आमचं काम मायेने करायचं काम नव्हे. करपा झालेली पानं पाण्यात कुस्करून ते पाणी मी सगळ्या झाडांवर मुद्दाम फवारत होते. तिला ते अजिबात पटलं नाही. "चांगल्या झाडाला रोग लावतेस? तुजा हात कसा चालतो?" मी तिला समजावलं, की यातून जे वाचेल त्याचंच बी पुढे न्यायचं, बाकीची मरू द्यायची.  संध्याकाळी घरी जाताना ती सुकलेल्या, काळे डाग पडलेल्या झाडांवरून हात फिरवत गेली. माझ्या धंद्यात असा हात फिरवायची मुभा नाही. इतकी वर्षं झाली, झाड मरताना मी त्याच्या शेजारी उभी राहते आणि किती वाळलं ते बघते. याचा माणसावर काही परिणाम होत असेल तर तो माझ्यावर झालेला आहे, हे मला ठाऊक आहे.

एप्रिलमध्ये ऊन असं पडलं की कौलं तडकल्याचा आवाज यायचा. आजूबाजूला शेताशेतात राब भाजायला सुरुवात झाली. भाताचं रोप जिथे करायचं तिथे पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात. त्याचा निळसर धूर दिवसभर डोंगराला टेकून राहायचा. पांडू नव्हता म्हणून सोमीबाई आपला एवढासा राब एकटीच भाजत होती. आमच्या कापसाची पाती, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळत होती, फुलं गळत होती. रोज सकाळी मी फुलाफुलात बोट घालून बघायचे. फूल धडधाकट असेल तर बोटाला पिवळी भुकटी लागते. उन्हाने मारलेलं असेल तर परागकोश फुटतच नाहीत. फूल वरून कसं छान, मलईच्या रंगाचं, आणि बोट कोरडं. ओळीमागून ओळ कोरडं बोट. साहेबांचा फोन आला होता. त्यांनी काही कठोर बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, 'यंदा हाती काही लागलं नाही तर आपण हा विषय थांबवू. तुम्ही ऑफिसात या, तिथे बरंच काम आहे.' ऑफिसात मीही गळून पडले असते, हे त्यांना कसं सांगणार?

मग एका सकाळी बांधाच्या कडेच्या एका झाडाने बोट पिवळं केलं. मला खरं वाटेना. शेजारचं फूल बघितलं, पिवळं. त्याच्या वरचं बघितलं, पिवळं. पानावर करप्याचे डाग होते, पण थोडेच, आणि ते तिथेच थांबलेले. झाड काही देखणं नव्हतं. बुटकं, एका अंगाला कललेलं, सोमीबाईच्या राबाच्या धुराने काळवंडलेलं. मी तिला हाक मारली. ती धावत आली, तिला वाटलं साप निघाला. मी नुसतं बोट पुढे केलं. तिने ते आपल्या बोटाला लावून घेतलं, हळदीसारखं कपाळाला टेकवलं, आणि म्हणाली, "हिच्या कळ्यांची तोंडं मी बांधते. तू नुसती बघ." मी लाल दोरा तिच्या हातात दिला.

त्या झाडाला मोजकीच बोंडं धरली. प्रत्येकाच्या देठाशी सोमीबाईचा लाल दोरा. पुढचे दिवस मी त्या झाडाभोवतीच काढले असं म्हटलं तरी चालेल. सगळा हंगाम, सगळा विषय, माझं पुढचं सगळं आयुष्य त्या चार फांद्यांवर लटकत होतं. बोंड पिकायला वेळ लागतो आणि या भागात मे महिन्याचा भरवसा नसतो. वळवाची एक सर आली आणि उघड्या बोंडात पाणी शिरलं की कापूस काळा पडतो, सरकी आतल्या आत फुगते, कोंब धरते नाहीतर कुजते. सिद्धगडावर दुपारनंतर ढग जमायला लागले होते. जमायचे आणि जायचे. मी त्यांच्याकडे बघून बोलायला लागले होते. एकटं राहणारं माणूस किती लवकर मोठ्याने बोलायला लागतं याची मला तेव्हा कल्पना आली.

आणि एका सकाळी पहिलं बोंड फुटलं. टरफल चार बाजूंना मागे वळलेलं, आणि मध्ये पांढरास्वच्छ कापूस. मी हात पुढे केला, तर सोमीबाईने मनगट धरलं.

"नवं हाय ते."

"म्हणजे?"

"नवं एकल्यानी काढू नाय. घरची सगली आल्यावर काढाचं. मोठ्या मानसानी 'काढ' म्हनाचं, मंग हात लावाचा."

तिच्या घरची रीत होती ती. भात असो, वाल असो, दारातला आंबा असो, नवं म्हणून जे पहिल्यांदा तोडायचं ते घरची सगळी जमल्याशिवाय तोडायचं नाही. कुणी भट्टीवर असेल, कुणी माहेरी असेल, त्याची वाट बघायची. आपोआप पडलं ते पोरांनी खावं, त्याला नवं म्हणत नाहीत. मी तिला म्हटलं, सोमीबाई, हे आंब्याचं झाड नाही, आणि माझ्या घरचं यायला कुणीच नाही, मग वाट कुणाची बघायची? तिने झाडाखालची माती उगाच पायाने सारखी केली.

"पांडू नि जनी येतील ना."

"ती तुमच्या घरची."

"झाड आपन दोगींनी नाय वाढवलं? मंग?"

मी चिडले. वर ढग, खाली बोंड, आणि ही बाई रीत सांगते. आलेला राग मी गिळला नाही, बोलून दाखवला. म्हटलं, पाऊस आला तर हे सगळं मातीत जाईल, तुम्हाला कळतं का? ती म्हणाली, "कलतं." आणि भेंडी खुडायला शेजारच्या शेतात निघून गेली. ती गेल्यावर मला कुणाची मनाई नव्हती. मी बोंडापाशी गेले, वाकले. आणि हात पुढे जाईना. कुठल्या देवाची भीती वाटली म्हणून नव्हे. आई गेल्यापासून मला कुणी आपल्या घरच्यांत मोजलं नव्हतं. 'घरची सगळी' या दोन शब्दांत कुणीतरी मला बसवलं होतं, आणि ते बोंड मी एकटीने तोडलं असतं तर मी त्यातून उठून बाहेर आले असते. एका कळत्या, शिकलेल्या बाईने हंगामाचं सगळं बी अशा कारणासाठी आभाळाखाली सोडावं हा शुद्ध वेडेपणा होता. मी तो केला. झाडावर माझी छत्री उघडून बांधली आणि खोलीत येऊन रडले. आईनंतर पहिल्यांदा तेव्हाच रडले.

दोनेक दिवस तसेच गेले. ढग रोज थोडे खाली उतरत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, मोहाची पानं उलटी झाली, आणि गडाच्या अंगाला गडगडलं. मी छत्री धरून झाडापाशीच उभी होते. तेवढ्यात बांधावरून सोमीबाई येताना दिसली, जवळजवळ पळत, आणि तिच्या मागे दोन विटकरी रंगाची माणसं. भट्टीवरचा टेम्पो नुकताच पाड्यावर पोचला होता. तिने त्यांना हातपायसुद्धा धुऊ दिले नव्हते. पांडूच्या भुवयांपर्यंत विटेची धूळ. जनीच्या कडेला गाठोडं, ते खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. दोघं माझ्याकडे बघत होती, त्या छत्रीकडे बघत होती, आणि त्यांना काय चाललंय ते काहीच कळत नव्हतं.

"ही बाय," सोमीबाईने मला दाखवून सांगितलं. "हिचं नवं हाय." मग तिने दम खाल्ला, झाडाला हात लावला आणि मला म्हणाली, "काढ गो."

मी काढलं. मग भराभर बाकीची. जी फुटली होती ती, आणि जी फुटायच्या बेतात होती ती देठासकट. शेवटचं तोडेपर्यंत टपोरे थेंब पडायला लागले होते. पांडूने सदरा काढून त्यात बोंडं गुंडाळली आणि आम्ही चौघं माझ्या पत्र्याच्या खोलीत शिरलो. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. जनीने ओले हात पुसून एक बोंड हातात घेतलं, कापूस पिंजला, आणि सरकी माझ्या तळहातावर ठेवली. कोरडी होती. कोवळी बोंडं मागे झाडावर राहिली होती, ती काळी पडली. पण ही कोरडी होती. त्या मूठभर सरकीतून पुढचं सगळं झालं.

पुढच्या वर्षी आमचं काम शहापूरला हललं, तिथे कालव्याचं पाणी होतं. त्या बुटक्या झाडाची लेकरंनातवंडं आता ऊन सोसतात, करपा सोसतात, आणि वऱ्हाडातल्या शेतांवर त्यांची चाचणी चालू आहे. लोक मला त्याबद्दल बोलायला बोलावतात. मी जाते, बोलते, चहा घेते, परत येते. खोलीचं कुलूप उघडताना रोज तोच खट्ट आवाज होतो. सवय झाली आहे, पण सवय झाली म्हणजे दुखत नाही असं नाही.

एक गोष्ट मात्र मी मोडली नाही. दरवर्षी पहिलं बोंड फुटलं की पांडूच्या मोबाइलवर फोन लावायचा. तो 'आय गो!' अशी हाक मारत घरभर शोधायचा, मग सोमीबाई यायची. मी इकडे झाडापाशी उभी. ती आधी विचारायची, "जेवलीस का?" भर सकाळी. मी आता चिडत नसे. मग म्हणायची, "काढ गो," आणि मी काढत असे. त्यानंतर तिच्या दारच्या आंब्याची पाळी. 'सगली हायेत का?' असं ती विचारायची, पांडू हो म्हणायचा, जनी हो म्हणायची, आणि फोनवरून मीही हो म्हणायचे. तेवढंच वर्षाचं बोलणं. माझ्या ऑफिसात हे कुणाला माहीत नाही. माहीत झालं तर परत सगळे पंख्याकडे बघतील.

यंदा बोंड फुटलं आणि फोन लागेना. सकाळी नाही, दुपारी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. भट्टी उशिरापर्यंत चालू असेल, रेंज नसेल, असं मी मनाला सांगितलं. आमच्या मदतनीस मुलीने दोनदा विचारलं, म्याडम, ते काढायचं राहिलंय, काढू? मी खेकसले. यंदाच्या एका बोंडाने कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आता बियाण्याला तोटा नाही. पण माझा हात परत तसाच अडला. आभाळ भरून आलं, तेव्हा मी बोंड झाडावर तसंच ठेवून मुरबाडची एसटी धरली, तिथून धसईची, आणि धसईहून वाडीपर्यंत चालत गेले. रस्त्याच्या कडेला राब भाजून काळे झाले होते. मला आधीच कळलं होतं असं वाटतं. पाय तसेच पडत होते.

जनी अंगणात होती. मला बघून उठली, हातातलं सूप खाली ठेवलं.

"आय गेली," ती म्हणाली. "शिमग्याच्या आदी. आमी भट्टीवरनं आलो, चार दिस तिच्याजवल व्हतो."

"मला कळवलं नाही."

"ह्यांचा मोबाइल भट्टीवर पडून फुटला ना. तुमचा नंबर त्याच्यातच व्हता. लई शोधला."

मी ओट्यावर बसले. जनीने पाणी दिलं. कोपऱ्यात सोमीबाईची काठी होती, खुंटीला तिचं लुगडं.  अंगणातल्या आंब्याकडे लक्ष गेलं. झाड लगडलेलं होतं. पाडाला आलेले, पिवळे पडलेले आंबे, काही पाखरांनी टोचलेले, खाली मातीत फुटून पडलेल्यांवर माश्या. मे एवढा सरला तरी एक फांदी कुणी हलवलेली नव्हती.

"आंबे उतरवले नाहीत?"

"कसे उतरवनार?" पांडू मागच्या दारातून येत म्हणाला. "व्यापारी येऊन गेला दोन येला. मी बोललो, आमचं नवं नाय झालं अजून."

"का?"

त्याने जनीकडे बघितलं. जनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आय सांगून गेली," ती म्हणाली. "बाय आल्याबिगर नवं करू नका. फोन नाय लागला तरी येल ती, बोलली."

बाहेर वारा सुटला आणि गडाच्या अंगाला गडगडलं. शहापूरला त्या वेळी पाऊस आला असेल तर आला असेल, माझं बोंड भिजलं असेल तर भिजलं असेल. पांडू झाडावर चढला. खालच्या एका फांदीवर बसून त्याने एका आंब्याला हात लावला आणि तो तसाच थांबला. जनीही थांबली. दोघं माझ्याकडे बघत होती. मला वाटलं त्यांना कुणाची तरी अजून वाट बघायची आहे, म्हणून मी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"बोला ना," जनी म्हणाली. "घरात मोठं आता तुमीच."

मी झाडापाशी गेले, बुंध्याला हात लावला. 

"काढा," मी म्हणाले.